निडीला नेलेल्या चार कोंबड्या

तुमच्या अंगणात एखादी कोंबडी सकाळपासून पिसं फुगवून एका बाजूला उभी असेल, कण्या टाकल्यावर बाकीच्या धावल्या आणि ती जागची हलली नसेल, तर हातातलं काम टाका आणि हे वाचा. वाचून झालं की मला शिव्या घाला. घालणाऱ्या आधीच पुष्कळ आहेत, त्यांच्या मागे उभ्या राहा.

मी कासूजवळच्या एका खारगावात राहते. काम करते खारबांध समितीचं. खाडी अडवणारा बांध फुटला की मोर्चा, कंपनीनं नाल्यात पाणी सोडलं की मोर्चा, आणि प्रत्येक मोर्च्याआधी पत्रक. पत्रकं मी लिहिते. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी माझ्या स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिले असतील. त्यामुळे हेही थोडं पत्रकासारखंच होणार. फक्त ह्या वेळी आरोपी शोधायला लांब जायचं नाही.

कोंबड्या आयच्या. घर बाबांच्या नावावर, जमीन बाबा आणि काका दोघांच्या. आयचं म्हणून ह्या घरात काही असेल तर ते खुराडं. कुणाच्या बाळंतिणीला अंडी द्यायची, कुणाला पिल्लू द्यायचं, कुठली खुडूक कधी अंड्यांवर बसवायची, हे तिला कुणाला विचारावं लागत नाही. नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यात चितरी नावाची ठिपक्याची कोंबडी म्हणजे आयचा जीव. पिल्लांवर घार उतरली तेव्हा ती घारीच्या अंगावर गेली होती. आमच्या समितीत असे दोन जण असते तर बरं झालं असतं.

सोमवार

सोमवारी सकाळी चितरी मोरीच्या भिंतीला टेकून उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. चोचीतून चिकट तार लोंबत होती. श्वास घेताना मान पुढं काढायची, चोच उघडायची आणि घशातून चिलीम ओढल्यासारखा आवाज यायचा. मागची पिसं शेवाळासारख्या हिरव्या पातळ घाणीनं माखली होती.

हे सगळं मी त्याच दिवशी बघितलं. आज एकेक गोष्ट सांगू शकते. तरी मला कोंबडी दिसली नाही. तिच्यातून आरपार मला नाला दिसला. आठवड्यापूर्वीच नाल्याचं पाणी तांबडं आलं होतं, निवट्या, चिखलातले मासे, उलट्या तरंगत होत्या. मला जे हवं होतं ते माझ्या अंगणात चालत आलं होतं. पुरावा! पिसांसकट!

“आय, कंपनीचं पाणी प्यायली ही,” मी म्हटलं.

आय चितरीची चोच पदरानं पुसत होती. “मर हाय ती. माझे आयचे वक्ताला अशीच आलेली. आख्ख्या गावातली खुरारी रिकामी झालेली.”

“मर म्हणजे काय? नाव काय रोगाचं? कशानं येते?”

“मना काय ठाव? येते आनि जाते.”

“मग? काहीतरी कारण असेल ना? कारण तिथं वाहतंय बघ, नाल्यातून.”

“तू तुझा कागद लिव,” आय म्हणाली. “कोंबरीचा मना बघू दे.”

मी कागद लिहिला. मथळा दिला, ‘आज कोंबड्या, उद्या तुमची लेकरं!’ आवडला मला. दोनदा मोठ्यानं वाचला.

इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं शोधायला नको. त्या दिवशी करायचं होतं ते एवढंच: चितरीला बाकीच्यांपासून तोडायचं, घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, तिला हात लावलेला हात दुसऱ्या कोंबडीला लावायचा नाही, एकही कोंबडी आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही आणि डॉक्टर गाठायचा. पत्रक लिहायला मला दीड तास लागला. एवढ्या वेळात हे सगळं झालं असतं.

मंगळवार, बुधवार

मंगळवारी खुराडं उघडलं तर दोन मेलेल्या. सोमवारी ह्या दोघी कण्यांवर तुटून पडल्या होत्या. बाबांनी पाय धरून नेल्या आणि बांधापलीकडं तिवरांच्या झाडीत भिरकावल्या. गावात असंच करतात. ज्यांची नुसती मान लवलेली असते त्यांच्यावर सुरी चालते, रश्शाचा वास गल्लीभर येतो आणि पिसं उकिरड्यावर. उकिरडा सगळ्या गावाच्या कोंबड्यांचा. कुणी कुणाला काही म्हणत नाही, कारण सगळ्यांनीच कधी ना कधी हे केलेलं असतं.

समितीचे दत्तादादा दुपारी आले. आमचे सगळ्यात जुने कार्यकर्ते. मेलेल्या कोंबड्या फेकल्या म्हणून माझ्यावरच उखडले. “फोटो काढायचा सोडून फेकल्यास? डोकं आहे का गं?” मग कागद वाचला आणि खूश झाले. संध्याकाळच्या आत पेणच्या छापखान्यातून गठ्ठा आलासुद्धा. एरवी ह्याच छापखान्यात आमचं पत्रक चार-चार दिवस पडून असतं.

बुधवारी उरलेल्यांतल्या तिघी सुस्त वाटल्या. आयनं चार चांगल्या निवडल्या, तीन कोंबड्या आणि कोंबडा, आणि डालग्यात घातल्या.

“निडीला सुमनकडं नेऊन टाक,” ती म्हणाली.

सुमन म्हणजे आयची धाकटी बहीण, माझी मावशी. आमच्याकडची रीत अशी की मर आली की चांगल्या कोंबड्या पाहुण्यांकडं धाडायच्या. मर घरावर येते, घर सोडलं की कोंबडी वाचते, असा हिशेब. रीत जुनी आहे. गावोगावच्या बायका एकमेकींना ह्यासाठी कधी नाही म्हणत नाहीत. आज माझ्या चार तुझ्याकडं, उद्या तुझ्या माझ्याकडं.

मी ह्या असल्या रितींवर एरवी तुटून पडते. त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. का बोलेन? माझा कागद आणि आयची रीत पहिल्यांदाच एका बाजूला होते. नाल्याच्या पाण्यानं मरतायत ना? मग नाल्यापासून लांब न्यायच्या. निडीला आमचा नाला नाही. तर्क कसा बिनचूक! एका हातात डालगं, काखेत पत्रकांचा गठ्ठा, कासू स्टेशनातून गाडीत बसले. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरीला बघायला येनार काय गो पावने? कोंबरा जोरात हाय.” मी त्याला पत्रक दिलं.

सुमनमावशी कुंपणाशीच भेटली. “आल्या काय माझ्या लेकी!” असं डालग्याशी बोलली, माझ्याशी नंतर. तिच्या स्वतःच्या अकरा होत्या. तिला मूल नाही. नवरा रोह्याला शिफ्टला जातो, दिवसभर ती आणि तिच्या अकरा. प्रत्येकीला नाव आहे, आणि नावानं हाक मारली की येतात, हे मी बघितलंय.

तिच्या खुराड्याचं दार मी माझ्या हातानं उघडलं. चौघी आत सोडल्या. मग वाडीत फिरून पत्रकं वाटली आणि परतीची गाडी पकडली.

गुरुवार: नाव कळलं

गुरुवारी चितरीची मान फिरली.

ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मान एका बाजूनं वळायला लागते आणि वळतच जाते, कुणी ओलं फडकं पिळावं तशी. चोच वर आभाळाकडं, टाळू पाठीला टेकलेली. सरळ चालायला गेली की गोल फिरायची. आवाजानं दचकली की मागच्या मागं कोलांटी खायची आणि पाय झाडत पडून राहायची. आय आत निघून गेली. घारीच्या अंगावर गेलेली कोंबडी आपल्याच पायांत अडकून पडताना तिला बघवेना.

मी चितरीला पिशवीत घातलं आणि एसटीनं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. कुठल्या गावचा दवाखाना ते लिहीत नाही. दारातल्या माणसानं पिशवीत डोकावून बघितलं.

“गाय-म्हैस असेल तर बोल,” तो म्हणाला. “कोंबडीला केसपेपर नाय निघत.”

“का नाही निघत? कुठल्या नियमात लिहिलंय? दाखवा.”

“अगं एवढ्याशा कोंबडीसाठी… घरी जा, मसाला वाट.”

मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मघापासून हसणारे तीन म्हशीवाले आपापल्या म्हशींकडं वळले. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. चाळिशीचे, शर्टावर शेणाचे शिंतोडे, रात्रभर कुठल्यातरी गाईपाशी बसलेल्या माणसाचा चेहरा. पिशवीत एकदा बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “हिला एसटीतून आणलंत?”

“मग काय पालखीतून आणू?”

“मला निरोप द्यायचा होता. गाडीत आणखी कुणाची कोंबडी होती का?”

मला आठवेना. त्यांनी चोच उघडून बघितलं, मागची हिरवी घाण बघितली, किती मेल्या, कशा मेल्या ते विचारलं.

“मानमोडी,” ते म्हणाले. “राणीखेत. ह्याच्यावर औषध नाही. लस असते, पण ती आजार यायच्या आधी टोचायची.”

मी पिशवीतून पत्रक काढून टेबलावर ठेवलं. “हे कंपनीच्या पाण्यानं झालंय. असं तुम्ही लिहून द्या.”

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. “पाणी वाईटच आहे. त्याच्यासाठी मोर्चा काढा, मी यायला तयार आहे. पण हा आजार कोंबडीचा कोंबडीला लागतो. श्वासातून, विष्ठेतून, तुमच्या चपलेतून. पाण्याचा संबंध नाही.” मग वही ओढली. “घरात आता किती उरल्यात?”

“ही. तिघी कालपासून आजारी होत्या, आज सकाळी गेल्या. चार चांगल्या आहेत.”

“त्या कुठं आहेत?”

“निडीला. मावशीकडं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “कधी नेल्या?”

“काल.”

“त्यांच्या कोंबड्यांत सोडल्या?”

“हो,” मी म्हटलं.

“चांगल्या दिसतात त्यांच्याही अंगात असू शकतो,” ते म्हणाले. “चार-पाच दिवस काही दिसत नाही. आज जा. हिला इथं ठेवा, नळावर हातपाय आणि चपला धुवा आणि परस्पर जा, पण कुंपणाबाहेरूनच बोला. त्या चार वेगळ्या करायला सांगा. मावशीच्या कदाचित अजून वाचतील.”

तर असं होतं ते. मावशीच्या अकरा जगतील की मरतील हे माझ्या निडीला जाण्यावर होतं, आणि मला ते गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं होतं.

मी घरी गेले.

दोन दिवस

आयला सांगितलं. ती कणग्याला टेकून बसली.

“सुमनला बोलायचं नाय,” ती म्हणाली.

“आय, तिच्या मरतील.”

“मरतील तवा मरतील. मर सगलीकरं येते. तुझे तोंडून ऐकली तर जल्मभर बोलनार नाय ती माझेशी. पोर नाय तिला. ते कोंबऱ्या म्हंजे काय हाय तिचा, तुना कलतं का?”

“कळतं म्हणून तर…”

“तुना काय पन कलत नाय. कागद कलतो.”

बाबा शिफ्टवरून आले, ऐकलं, आणि डबा ठेवता ठेवता म्हणाले, “पहिले दिवशी कापून खाल्ली असती तर मिटला असता.” त्यांच्याशी मी त्यानंतर चार दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

शुक्रवारी पेणला प्रांत कचेरीवर मोर्चा होता. महिनाभर आधी ठरलेला. दत्तादादांना बाजूला घेऊन सांगितलं की मजकूर चुकलाय.

“पाणी वाईट आहे की नाही?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“कोंबड्या मेल्या की नाही?”

“मेल्या.”

“मग खोटं कुठलं वाक्य आहे, दाखव.”

मी दाखवू शकले असते. पहिलंच. दाखवलं नाही. घोषणा दिल्या. घसा बसेपर्यंत दिल्या, आणि अख्खा वेळ मनात निडीची गाडी किती वाजता सुटते ते चाललं होतं. मी भित्री होते हे साध्या शब्दांत लिहिते. पोलिसांना भ्यायले नाही कधी. मावशीच्या अंगणाला भ्यायले.

ह्या दोन दिवसांत चितरीचं सगळं मी केलं. मागच्या पडवीत एक लाकडी खोका, आत भाताचं तूस, वरून गोणपाट. अंधार असला की ती दचकत नाही, कोलांट्या थांबतात. तिला स्वतःचं खाता येत नव्हतं, चोच दाण्याच्या वीतभर पलीकडं पडायची. म्हणून मांडीवर घ्यायची, फिरलेली मान तळहातावर धरायची, ओढायची नाही, नुसता आधार द्यायचा, आणि तांदळाची पातळ पेज चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायची. घाई केली तर श्वासनळीत जाते आणि उपकार करता करता जीव घ्याल. थेंब सोडा, ती गिळेपर्यंत थांबा, मग दुसरा. एका वाटीला पाऊण तास. दिवसातून चार वेळा. मध्ये गूळमिठाचं पाणी. बाकी मेलेल्या तिघी खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरल्या, खुराडं रिकामं करून ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतलं.

शनिवारी सकाळी पेजेचा थेंब गळला आणि चितरीनं माझ्या बोटाला टोचायचा प्रयत्न केला. नेम चुकला, खोक्याला लागला. पण राग होता त्यात. ती वाचेल असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्याच दुपारी शेजारची कुंदाकाकी दारावरून चालली होती. डोक्यावर डालगं, डालग्यात पाच कोंबड्या.

“कुठं निघालीस गो काकी?”

“वडखळला. म्हायेरी ठेवते. हितला पानी खराब ना?” तिनं कमरेचा कागद काढून दाखवला. घडी घालून जपून ठेवलेला. “तूच लिवलायस की.”

मी तिच्या आडवी झाले. “नेऊ नकोस. पाण्यानं नाही होत ते. रोग आहे, एकीचा दुसरीला लागतो. वडखळच्याही मरतील.”

“मग ह्यात?”

“चुकीचं लिहिलं.”

“कोनी?”

“मी, काकी. मीच लिहिलं ना.”

ती डालगं घेऊन उभी राहिली. रागावली नाही. नुसतं विचारलं, “मग तू तुमच्या निडीला नेल्यास त्या?”

निडी

रविवारी पहिल्या गाडीनं गेले. आय उठून बसली होती. धुतलेले कपडे, दुसऱ्या चपला.

मावशीच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभी राहिले आणि तिथूनच हाक मारली. ती बाहेर आली, हात पुसत.

“आत ये ना गो! रस्त्यावं काय उबी?”

“आत येत नाही. मावशी, आमच्या चार कशा आहेत?”

“एक काल गेली. कोंबरा बसूनच असतो. परवासानं दमला वाटतं.” मग तिचा आवाज बारीक झाला. “माझी शेवंती पन आज कन्या टिपत नाय.”

मी सांगितलं. मानमोडी, लागणारा रोग, आम्ही आणला. आणि गुरुवारीच कळलं होतं हेही सांगितलं. तेवढं गाळता आलं असतं. गाडीत तीन वेळा गाळून बघितलं होतं.

मावशीनं बोटं मोजली. “गुरवार. सुक्कर. शनवार.” मग माझ्याकडं बघितलं. “तीन दिस काय करत व्हतीस?”

“मोर्चा होता.”

“मोर्चा.”

“आणि आय म्हणाली…”

“ताईचं नाव घेऊ नको. तोंड तुझा हाय ना? मोठा तोंड हाय ना? सरकारला भीत नाय ना तू?”

तिनं मग ज्या शिव्या दिल्या त्या मी मोजल्या नाहीत. शेजारणी जमल्या. मी बोलत राहिले, कारण बोलायचं काम अजून संपलं नव्हतं. शिव्यांच्या मधल्या फटीतून एकेक वाक्य टाकत होते. आमच्या उरलेल्या तीन आणि शेवंती, ह्यांना मागच्या गोठ्यात घाल. चांगल्यांना आधी खायला दे, आजाऱ्यांना नंतर, मग हात धू. बाहेर कुणाला देऊ नकोस, विकू नकोस, कापू नकोस. मेलेली पुर, चुना घाल.

“तुना घालते चुना,” मावशी म्हणाली, आणि शेवंतीला उचलून गोठ्याकडं गेली.

ती शिव्या देत होती आणि सांगितलेलं सगळं करत होती. मी रस्त्यावरून बघत होते. तिनं प्रत्येक कोंबडीला नावानं हाक मारली, हातात घेतली, डोळे बघितले, मागं बघितलं. माझ्यापेक्षा जास्त नीट. तिला सोमवारी कुणी खुणा सांगितल्या असत्या तर तिनं सोमवारीच ओळखलं असतं.

उशीर झाला होता. आमच्या चारही गेल्या. तिच्या अकरातल्या नऊ गेल्या, एका आठवड्यात, एकेक करून. उरल्या त्या दोन, रविवारी तिनं आजाऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्यांतल्या. गुरुवारी गेले असते तर किती उरल्या असत्या? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटतं त्यांना सांगता येत होतं.

आणि चितरी जगली. दहाव्या दिवशी आपली आपण दाणे टिपायला लागली, मान डावीकडं कलती ठेवून. महिनाभर तिला एकटी ठेवा, तोवर नवी कोंबडी आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, कारण बऱ्या झालेल्याकडूनही रोग जातो. हे लक्षात ठेवा. आनंदाच्या भरात कुणी लगेच पिल्लं आणतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मावशीला हे कुणीतरी सांगितलं. त्या रविवारनंतर दहा दिवसांनी, बुधवारी मी निडीला गेले तेव्हा तिनं कुंपणाआडून एवढंच म्हटलं, “तुमची जगली गो. आमच्या मेल्या.”

ह्यावर काही बोलता येत असेल तर मला कळवा.

लस

त्या बुधवारी डॉक्टर लस घेऊन आले होते. मी त्यांच्या मागं लागून, दोन अर्ज देऊन त्यांना आणलं असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे त्यांनीच यायचं ठरवलं होतं, मी अर्ज दिले नसते तरी आले असते. थर्मासात बर्फ, बर्फात बाटल्या. लस एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. मावशीच्या घराचं आता काही करण्यासारखं नव्हतं. आजूबाजूच्या घरांतल्या निरोगी कोंबड्यांना टोचायचं, म्हणजे रोग तिथं अडेल.

देवळाच्या पारावर डॉक्टर आणि त्यांच्या मदतीचा ड्रेसर मांडून बसले. कुणी येईना. आख्ख्या वाडीत शंभरेक कोंबड्या तरी असतील, पारावर एक नाही. एक म्हातारी लांबून म्हणाली, “सुई टोचली का अंडा द्यायचा बंद करते.” दुसरी म्हणाली, “पान्यानं मरतात त्याला सुई कशाला? तो कागद नाय काय आलेला?”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचे उपकार.

मी मावशीच्या कुंपणाशी उभी होते. ती आतून बघत होती. तिच्या अंगणात दोन कोंबड्या फिरत होत्या, बाकी जागा रिकामी.

“हितं उबी राहून काय बघतेस?” ती ओरडली. “जा ना. कागद वाटायला दारोदार फिरलीस तशी फिर. सांग त्यांना.”

“माझं कोण ऐकणार, मावशी?”

“नाय ऐकनार. तरी जा. माझे दारात नको उबी राहूस.”

मी निघाले. आवारात पाय ठेवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून रस्त्यावरूनच पहिल्या घराला हाक मारली. बाई बाहेर आली, कडेवर सूप. मी सवयीनं सुरुवात केली, समितीच्या वतीनं वगैरे. तिनं मधेच तोडलं.

“तू कोन पन?”

समितीच्या चार वर्षांत ह्या प्रश्नाला मी कधी अडखळले नव्हते.

“सुमनमावशीकडं कासूहून चार कोंबड्या आल्या ना,” मी म्हटलं. “त्या आणल्या ती मी. तो पाण्याचा कागद लिहिला तीही मीच. तो खोटा आहे. तुमच्या अजून चांगल्या आहेत, त्यांना टोचून घ्या. तासाभरानं लस फेकून द्यावी लागेल.”

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग सूप पडवीत आपटलं, मागं गेली, आणि दोन्ही काखांत एकेक कोंबडी घेऊन बाहेर आली. कुंपणाच्या फटीतून निघताना तिनं कोंबड्या पदराखाली झाकल्या आणि माझ्यापासून जेवढं लांबून जाता येईल तेवढं लांबून, गटाराच्या काठाकाठानं, पाराकडं गेली.

बरोबर केलं तिनं. मी पुढच्या दाराला हाक मारली.